गृहविलगीकरणात तब्येत आणि माणसे कशी जपावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० च्या मध्यास मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर, निवडणुकीत वापरतात तशा न पुसणाऱ्या शाईने गृहअलगीकरणाचे शिक्के उमटू लागले. शिक्क्यावर तारीख होती. पण त्या तारखेपर्यंत बंद दाराआड दिवस कसे काढायचे, हे त्या शाईत मावणारे नव्हते. पुढील दोन वर्षांत घरोघरी जे प्रश्न विचारले गेले, त्यांतील काहींची उत्तरे येथे दिली आहेत. आकडे कोविडचे आहेत. श्वसनमार्गाची दुसरी साथ आली तर ते बदलतील आणि त्या वेळचा सरकारी आदेशच प्रमाण मानावा लागेल, मात्र घरातली व्यवस्था बहुतांशी हीच राहील.

अलगीकरण आणि विलगीकरण यांत फरक काय?

रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, परंतु अद्याप आजारी नसलेल्या व्यक्तीने इतरांपासून दूर राहणे म्हणजे अलगीकरण, तर लागण झाल्याचे निश्चित झालेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. बोलताना आपण दोन्हींना ‘क्वारंटाइन’ म्हणत आलो, आणि एरवी त्याने बिघडतही नाही. पण एकाच घरात दोन्ही प्रकारच्या व्यक्ती असतील तर हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण केवळ संपर्कात आलेल्या माणसाला रुग्णाच्या खोलीत ढकलणे म्हणजे त्याला आजार हाती देण्यासारखेच आहे.

चौदाच दिवस का?

कोविडच्या मूळ विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जात, बहुतेकांमध्ये ५ ते ६. त्यातील सर्वांत लांबचा दिवस धरून संपर्कातील व्यक्तीसाठी ही मुदत ठरली. रुग्णांसाठीची मुदत वेगळी होती आणि ती बदलत गेली: एप्रिल २०२१ च्या केंद्रीय सूचनांनुसार लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस आणि त्यात शेवटचे ३ दिवस ताप नसणे, तर जानेवारी २०२२ मध्ये चाचणीपासून ७ दिवस. मुदत लोकांच्या सोयीसाठी किंवा दहशतीसाठी नव्हे, तर विषाणूच्या चालीवरून ठरते. पूर्वी मात्र ती अंदाजाने ठरत असे. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक शहराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर ठेवले. पुढे हा काळ चाळीस दिवसांचा झाला आणि व्हेनिसच्या बोलीतील त्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला.

दार बंद होण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, नेहमीच्या औषधांचा किमान तीन आठवड्यांचा साठा, मास्क, फोनचा चार्जर आणि थोडी रोकड. ही यादी बहुतेकांना पाठ असते. तीत एक नोंद हमखास राहून जाते, ती म्हणजे एका माणसाचे नाव. घराबाहेर राहणारी, शक्यतो त्याच गावातील एक व्यक्ती आधीच ठरवावी, तिला तसे स्पष्ट सांगावे आणि रोज सकाळी व संध्याकाळी ठरलेल्या वेळी तिच्याशी बोलावे. आपल्या औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक, आरोग्य विम्याची कागदपत्रे आणि घराची जादा किल्ली या व्यक्तीजवळ असावी. ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही तर अर्ध्या तासात पुन्हा करायचा, तरीही उत्तर आले नाही तर शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगायचे, इतकेही आधी बोलून घ्यावे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे वीस जण असतात आणि ते मनापासून म्हणत असतात. परंतु तापाने फणफणलेला माणूस त्या विसांपैकी कोणाला सांगावे हे ठरवू शकत नाही आणि मग कोणालाच सांगत नाही. घराबाहेरच्या या ठरलेल्या व्यक्तीला पुढील उत्तरांत ‘दुवा’ म्हटले आहे.

आमचे घर एका खोलीचे आहे. वेगळे राहायचे कसे?

हा प्रश्न सर्वांत प्रामाणिक आहे, आणि ‘हवेशीर स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय’ ही अट लिहिणाऱ्यांनी बहुधा त्याचा विचार केला नव्हता. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यावर प्रशासनाने हे लवकर ओळखले. जिथे आठ-दहा माणसे एका खोलीत राहतात आणि शौचालय सार्वजनिक असते, तिथे गृहविलगीकरण होऊ शकत नाही, म्हणून शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडा संकुले ताब्यात घेऊन तेथे लोकांची सोय करण्यात आली. तेव्हा संस्थात्मक विलगीकरणाचा पर्याय मिळत असेल तर तो कमीपणाचा न मानता स्वीकारावा. घरातील वृद्धांसाठी तोच अधिक सुरक्षित असतो.

तो मिळत नसेल तर अधिकांत अधिक अंतर आणि अधिकांत अधिक वारा, या दोन गोष्टींसाठी झटावे. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ असावे आणि शक्य असल्यास खोलीतील हवा त्याच्याकडून बाहेर जाईल अशा रीतीने पंखा ठेवावा. खोलीत असताना दोघांनीही मास्क लावावा, निजताना एकाचे डोके जिकडे, तिकडे दुसऱ्याचे पाय करावेत. शक्यतो एकाच निरोगी व्यक्तीने रुग्णाचे सर्व पाहावे. सामाईक न्हाणीघर व शौचालय रुग्णाने शेवटी वापरावे, खिडकी उघडी ठेवावी, नळ आणि कडी पुसून घ्यावी. पुसण्यासाठी ब्लीचचे पाणी वापरत असाल तर त्यात टॉयलेट साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. २०२० च्या उन्हाळ्यात आपण भाज्या साबणाने धुण्यात जेवढा वेळ घालवला, त्याच्या निम्मा जरी खिडक्या उघडण्याकडे दिला असता तरी अधिक लाभ झाला असता. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे तेव्हा आपल्याला पुरेसे उमगले नव्हते.

रोज काय मोजावे आणि डॉक्टरांना कधी कळवावे?

ताप, नाडी आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी दिवसातून तीन-चार वेळा मोजून वहीत वेळेसह लिहावी. बोट थंड असेल किंवा नखाला रंग लावलेला असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून एका आकड्याला न चिकटता तो उतरतो आहे का, याकडे लक्ष द्यावे. पातळी ९४ च्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवावे. राज्याच्या आरोग्य विभागाने सुचवलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणीही सोपी आहे: सपाट जमिनीवर नेहमीच्या गतीने सहा मिनिटे चालावे आणि आधीचा व नंतरचा आकडा ताडून पाहावा, चालल्यावर पातळी ९३ च्या खाली गेली किंवा आधीपेक्षा ३ हून अधिक उतरली तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. ज्यांना बसल्या जागी धाप लागते किंवा दमा आहे, त्यांनी ही चाचणी करू नये.

श्वास घेण्यास त्रास, छातीत सतत दुखणे किंवा दडपण, बोलण्यात असंबद्धता, हाक मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर वही बाजूला ठेवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोविडमध्ये ऑक्सिजन बराच घटूनही रुग्ण गप्पा मारत असल्याची उदाहरणे घडली, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हे रुग्णाचे म्हणणे पुरावा म्हणून धरू नये. दोन वेळच्या नोंदी घराबाहेरील दुव्यालाही कळवाव्यात. उतरणारे आकडे घरातल्या थकलेल्या माणसाआधी बाहेरच्याच्या लक्षात येतात.

आहार कसा असावा? काढा आणि वाफ घ्यावी का?

तोंडाची चव आणि वास गेलेला असताना जेवणावरची वासना उडते, आणि अशक्तपणाचे निम्मे कारण तेच असते. म्हणून थोडे थोडे, पण वारंवार खावे. मऊ भात, मुगाचे वरण, मेतकूट-तूप, पेज, नाचणीची आंबील, ताक, उकडलेले अंडे, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, ऋतूतील फळ. आजीच्या हातचे हे पदार्थ पचायलाही हलके असतात. पाणी मुबलक प्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

काढ्याने घशाला बरे वाटते, आजार बरा होत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा मिरी-सुंठीचा तिखट काढा पिऊन पोटात जळजळ ओढवून घेतलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वाफेबद्दलही तेच म्हणावे लागेल, शिवाय उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून भाजण्याचा, विशेषतः मुलांना, खरा धोका असतो. मनाने स्टेरॉइड घेणे मात्र सर्वांत घातक आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा जो उद्रेक झाला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख कारणे होती.

घरात बसून व्यायाम किती करावा?

लक्षणे नसतील तर जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण निकष, म्हणजे आठवड्याला मध्यम स्वरूपाची १५० ते ३०० मिनिटांची हालचाल, घरातही पाळता येतो: जागच्या जागी चालणे, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. ताप किंवा थकवा असेल तर विश्रांती घ्यावी; फक्त दिवसभर आडवे न राहता मधूनमधून उठून बसावे आणि पाय हलवावेत.

दिवसभर कोणा ना कोणाशी फोनवर बोलतो, तरी एकटे का वाटते?

कारण ते बहुतेक फोन चौकशीचे असतात. ‘आज ताप किती? जेवलात का? काळजी घ्या.’ दिवसातून दहादा हेच तिघा-चौघांना सांगून माणूस दमतो आणि हळूहळू त्याला आपण म्हणजे निव्वळ एक रुग्ण आहोत असे वाटू लागते. त्यावर तोड अशी, की तब्येतीची खबर सर्वांना देण्याचे काम त्या एका दुव्याकडे सोपवावे आणि इतरांनी चौकशीसाठी नव्हे, तर काहीतरी बरोबर करण्यासाठी फोन करावा. रात्री आठ वाजता दोन घरांनी व्हिडिओ कॉल समोर ठेवून अंगतपंगत करावी. गाण्याच्या भेंड्या खेळाव्यात. भजनी मंडळातील बायकांनी संध्याकाळचा हरिपाठ साध्या कॉन्फरन्स कॉलवर म्हणावा. आवाज मागेपुढे होतात, टाळ चुकतो, आणि तरीही त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला ऑक्सिजन विचारत नाही. शब्दकोडे दोघांनी मिळून सोडवणे, नातवाचा पाढा घेणे, कोणाला तरी आपली थालीपिठाची रीत शिकवणे, हेही चालते. ज्यात रुग्णालाही काही द्यायचे असते असे बोलणे त्याला अधिक मानवते.

मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सामाजिक अंतर’ऐवजी ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरण्यास सुरुवात केली, ती याच कारणाने. १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यांचे इतरांशी संबंध घट्ट होते त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. गप्पांना औषध म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण त्यांना चैन समजणे ही त्याहून मोठी चूक आहे.

आई-वडील गावी एकटे आहेत आणि त्यांना व्हिडिओ कॉल जमत नाही. काय करावे?

जमवण्याचा आग्रह धरू नये. साधा फोन, ठरलेली वेळ आणि घाई नसलेला आवाज एवढे पुरते. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलांनी आपल्या सोयीची नव्हे, तर त्यांच्या चहाची वेळ धरावी. संध्याकाळी साडेपाचला फोन येणार हे ठाऊक असले की पाच वाजल्यापासून त्या घरात जरा जाग येते. दुवा मात्र परदेशातील मुलाने होऊ नये, तो गावातलाच हवा: शेजारचा मुलगा, किराणा दुकानदार, आशाताई. साठीपुढील किंवा मधुमेह, रक्तदाब यांसारखा जुना आजार असलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी ठेवू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

लहान मुलांना काय सांगावे?

खरे, आणि थोडक्यात. ‘बाबांना असा ताप आला आहे जो दुसऱ्याला लागतो, म्हणून ते आठ दिवस त्या खोलीत राहणार आहेत’ एवढे चार वर्षांच्या मुलालाही कळते. दारावर दिवसांच्या चौकोनांचा कागद चिकटवून रोज एक चौकोन रंगवू द्यावा, दाराखालून चित्रे सरकवू द्यावीत. जे सांगितले जात नाही ते मूल स्वतःच्या कल्पनेने भरते, आणि मुलांच्या कल्पनेत बहुधा चूक आपलीच असते.

शेजारी आमच्याशी वाळीत टाकल्यासारखे वागतात. अशा वेळी काय करावे?

आपल्या बाजूने नियम पाळावेत आणि ते पाळत असल्याचे सोसायटीच्या सचिवांना शांतपणे, लेखी कळवावे: मुदत कधी संपते, कचरा वेगळ्या पिशवीत कसा ठेवला आहे, सामान कुठे घेतले जाईल. माहिती नसली की भीती वाढते. भांडण स्वतः करू नये, ते काम दुव्यावर सोपवावे.

परंतु या प्रश्नाचे अधिक उत्तर शेजाऱ्यांनी द्यायचे आहे. रुग्णालयात रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकांना जिना चढू न देणाऱ्या इमारती २०२० मध्ये होत्या, आणि रुग्णाच्या घरी रोज न चुकता डबा दाराच्या कडीला अडकवणाऱ्या इमारतीही होत्या. दोन्हीकडचा विषाणू एकच होता. वाळीत टाकण्याचा परिणाम काय होतो हे पुण्याला १८९७ च्या प्लेगमध्ये दिसले आहे. गोऱ्या शिपायांकडून घरझडती आणि छावणीत रवानगी यांच्या धास्तीने लोक आपले रुग्ण लपवू लागले. त्याच साली झालेला साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये लागू केला, म्हणून ही आठवण अगदीच जुनी नाही. बंद दारामागच्या माणसाला शिक्षा झाल्यासारखे वाटू लागले की पुढचा रुग्ण चाचणीच करून घेत नाही, आणि मग इमारतीचा कडेकोट बंदोबस्त काही कामाचा राहत नाही.

दूध, भाजी आणि औषध दारापर्यंत पोचवण्याची पाळी मजल्याने वाटून घ्यावी. टोपली दोरीने खाली सोडण्याची चाळीतली जुनी पद्धत यासाठी उत्तम आहे. पिशवी ठेवल्यावर दार वाजवून चार पावले मागे उभे राहावे आणि दार उघडल्यावर दोन वाक्ये बोलूनच निघावे.

बातम्या किती पाहाव्यात?

दिवसातून एकदा, संध्याकाळच्या आत. व्हॉट्सॲपवर फिरणारे उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत आणि पुढेही पाठवू नयेत.

घरातच त्रास देणारी व्यक्ती असेल तर?

सर्वांसाठी घर ही सुरक्षित जागा नसते, आणि टाळेबंदीत बाहेर पडण्याचे निमित्तही हिरावले जाते. मारहाण किंवा धमकी होत असेल तर अलगीकरणाचा नियम आड येत नाही. बाहेर पडावे, मदत मागावी. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मोकळेपणी बोलता येणार नसेल तर विश्वासातील व्यक्तीशी एखादा साधा शब्द संकेत म्हणून ठरवावा, जसे ‘कढीपत्ता संपला’, आणि तो ऐकताच समोरच्याने पोलिसांना फोन करायचा.

मन फार खचले आहे. हे नेहमीचे आहे की आजार?

अलगीकरणात चिडचिड होणे, झोप मोडणे, उगाच रडू येणे अपेक्षित आहे. आधीच्या साथींमधील अलगीकरणाच्या अभ्यासांचा एक आढावा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लांबलेली मुदत, कंटाळा, अपुरे सामान, अपुरी माहिती, पैशाचे नुकसान आणि लोकांची दूषित नजर ही मानसिक त्रासाची कारणे म्हणून नोंदवली आहेत. यांतील बहुतेक कारणे मनाच्या बाहेरची आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याची रोजची मजुरी बुडते आहे त्याला प्राणायाम सुचवण्याआधी त्याच्या घरी शिधा पोचवावा लागतो.

मात्र दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, जेवण-झोप सुटली असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील तर वाट पाहू नये. १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

घरातील व्यक्ती रुग्णालयात आहे, किंवा गेली, आणि आम्ही येथे बंद आहोत.

याचे समाधानकारक उत्तर नाही. रुग्णालयात असलेल्या माणसासाठी रुग्णालयाशी बोलणारी एकच व्यक्ती ठरवावी आणि दिवसातून एकदा व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवण्याची विनंती करावी. रुग्ण बोलू शकत नसला तरी घरच्यांचा आवाज त्याच्या कानाशी पोचवता येतो.

मृत्यू झाला तर आपल्याकडे लोक भेटायला येतात, काही बोलत नाहीत, नुसते बसतात. ते बसणेच या काळात हिरावले गेले. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, देहाला स्नान घालण्यास मनाई होती, आणि घरचेच विलगीकरणात असतील तर अग्नी परक्याने दिला. अशा घरी एकामागून एक पन्नास फोन येऊ देऊ नयेत. जवळच्या आठ-दहा जणांनी आपापसांत ठरवून, रोज एकाने, बराच वेळ फोन चालू ठेवावा, गप्प राहावे लागले तरी ठेवावा. तेराव्याला सर्वांनी एकत्र कॉलवर येऊन गेलेल्या माणसाविषयी एकेक आठवण सांगता येते. आणि निर्बंध उठल्यावर, सहा महिन्यांनी का होईना, भेटायला जावे. ‘आता उशीर झाला’ असे वाटून पुष्कळ जण गेले नाहीत.

मुदत संपल्यावर लगेच नेहमीसारखे वागता येईल का?

नियमाने बाहेर पडता येईल, पण शरीर मागे रेंगाळते. थकवा आणि धाप काही आठवडे राहू शकते. जिना, सायकल, क्रिकेट हळूहळू सुरू करावे, आणि धडधड किंवा छातीत दुखणे जाणवल्यास तपासून घ्यावे. काहींना गर्दीची भीती वाटते, दाराबाहेर पाऊल टाकताना हात थरथरतो. पहिल्या दिवशी बाजारात न जाता त्या दुव्याच्या घरी चहाला जावे, आणि खिडकी उघडी ठेवून बसावे.